शजऱ्यातल्या गाळलेल्या जागा

२०२४च्या जानेवारीत महाराष्ट्र एका शब्दाचा कीस काढत होता. शब्द होता ‘सगेसोयरे’. २६ जानेवारीच्या तारखेने सरकारने अधिसूचनेचा मसुदा काढला आणि टीव्हीपासून एसटी स्टँडपर्यंत एकच चर्चा सुरू झाली. सगा कोणाला म्हणायचं, सोयरा कुठवर मोजायचा, नातं बापाकडूनच धरायचं की आईकडूनही? त्याआधीचे काही महिने न्या. संदीप शिंदे समितीसाठी ठिकठिकाणची जुनी दप्तरं उघडली जात होती. मोडी वाचता येणाऱ्यांना कधी नव्हे ते चांगले दिवस आले होते. खापरपणजोबाच्या नावापुढे कुठल्याशा कारकुनाने ‘कुणबी’ असं लिहून ठेवलंय की नाही, यावर आजच्या पोराची नोकरी आणि पोरीचं कॉलेज ठरणार होतं.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इटलीतल्या व्हेनिस शहरात साठाव्या कला-बिएनालेत ऑस्ट्रेलियाच्या दालनाला सर्वोत्तम राष्ट्रीय दालनाचा ‘गोल्डन लायन’ मिळाला. ऑस्ट्रेलियाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. कलाकाराचं नाव आर्ची मूर. आईकडून कामिलारोई आणि बिगाम्बुल या तिथल्या आदिवासी समूहांचा, बापाकडून ब्रिटिश आणि स्कॉटिश. त्याच्या मांडणशिल्पाचं नाव ‘किथ अँड किन’. याचं मराठी करायला बसा, ‘सगेसोयरे’ याशिवाय दुसरा शब्द चटकन हाताला लागत नाही.

मी व्हेनिसला गेलेली नाही, आणि कलासमीक्षा हा माझा प्रांतही नाही. छायाचित्रं पाहिली, चित्रफिती पाहिल्या, त्यावर आलेलं वाचलं. पण जे पाहिलं त्याने आपल्या घरातल्या एका लाडक्या वस्तूबद्दल बोलणं भाग पाडलं. ती वस्तू म्हणजे शजरा. त्याबद्दल पुढे. आधी ती खोली डोळ्यांसमोर आणा.

मोठी खोली. भिंती काळ्या, छतही काळं, शाळेतल्या फळ्यासारखं. त्यावर पांढऱ्या खडूने हाताने लिहिलेली नावं, नावाला नाव रेघेने जोडलेलं. हे मूरचं कुटुंब. तीन हजारांहून जास्त माणसं. कित्येक आठवडे खपून त्याने हे लिहून काढलं. नजर वर जाते तशी ओळखीची इंग्रजी नावं संपतात, मग गमिलराय आणि बिगाम्बुल भाषांतले शब्द येतात, नावं बारीक आणि दाट होत जातात, आणि छतावर तर ती चांदण्यांसारखी दिसायला लागतात. पासष्ट हजार वर्षं, दोन हजार चारशे पिढ्या, असा त्या झाडाचा पसारा आहे. इतक्या मागे कागद कुठून जाणार? जात नाहीतच. ते त्याने लपवलेलं नाही. मध्येच काळे डाग आहेत, जिथे काहीच लिहिलेलं नाही. कुठे कत्तल झाली, कुठे गोऱ्यांनी आणलेल्या साथीने वस्तीच्या वस्ती संपली, कुठे नोंदच ठेवली गेली नाही. तिथे खडू थांबतो आणि फळा दिसतो.

आणखी एक गोष्ट त्या भिंतीवर आहे, ती वाचताना मला सर्वांत जास्त लागली. काही ठिकाणी माणसाच्या नावाच्या जागी नाव नाहीच, शिवी आहे. सरकारी दप्तरात, गोऱ्या मालकाच्या वहीत त्या माणसाची नोंद ज्या शब्दाने झाली, तोच शब्द. ‘अर्ध्या रक्ताचा’ वगैरे मोजमाप तर आहेच. १८९७ साली क्वीन्सलँडमध्ये आदिवासींच्या ‘संरक्षणा’चा कायदा झाला. त्या कायद्याखाली आदिवासींनी कुठे राहायचं, कोणाशी लग्न करायचं, मजुरीचे पैसे कसे खर्च करायचे, हे सरकारने नेमलेला ‘प्रोटेक्टर’ ठरवू लागला. असं राज्य चालवायला भरपूर कागद लागतो. आज वंशज आपले पूर्वज शोधायला निघतो तेव्हा त्याच कागदांच्या दारात उभा राहतो. ज्याने मारलं त्याच्याच वहीत नाव सापडतं, आणि तेही धड नाव नाही.

खोलीच्या मधोमध पाणी आहे. पाण्याच्या मध्ये एक पांढरं टेबल आणि त्यावर सरकारी कागदांचे पाचशेहून जास्त गठ्ठे. पोलिसांच्या आणि तुरुंगाच्या ताब्यात मेलेल्या आदिवासींच्या मृत्यूंचे चौकशी अहवाल. १९९१मध्ये तिथल्या शाही आयोगाने अशा ९९ मृत्यूंचा तपास करून शिफारशी दिल्या, त्यानंतर मेलेल्यांचे हे गठ्ठे आहेत. मेलेल्यांची नावं काळ्या शाईने झाकलेली. लोकसंख्येत आदिवासी चार टक्केसुद्धा नाहीत, कैद्यांमध्ये मात्र साधारण एक तृतीयांश. पाण्यामुळे तुम्ही टेबलाला हात लावू शकत नाही, वाकून पाहता आणि पाण्यात भिंतीवरच्या नावांचं प्रतिबिंब दिसतं.

आता शजरा.

आपल्याकडे ज्यांच्या घरी शजरा आहे ते तो चौकटीत घालून दिवाणखान्यात लावतात. नसला तर करवून घेतात, हल्ली संगणकावर सुबक होतो. ‘शजरा’ म्हणजे अरबीत झाड. पण आपल्या झाडाची गंमत अशी की त्याला एकच खोड असतं आणि फांद्या छाटलेल्या असतात. बाप, बापाचा बाप, त्याचा बाप, आणि दहा-पंधरा पायऱ्यांनंतर एकदम उडी मारून मदीना, बगदाद, बुखारा, नाहीतर समरकंद. मध्ये रिकामी जागा एकही नाही. आर्ची मूरला मागे जाताना काळे डाग सापडले, आम्हाला चौदाशे वर्षांत एक डाग नाही! हा चमत्कार पाहून शंका यायला हवी होती. पण आपल्याला अभिमान येतो.

उत्तर हिंदुस्थानात एक जुनी म्हण आहे. पहिल्या साली मी जुलाहा होतो, यंदा शेख आहे, धान्याला भाव आला तर पुढल्या साली सय्यद होईन. म्हण आपल्याच लोकांनी आपल्यावर केलेली आहे, त्यामुळे कोणी बाहेरच्याला दोष देऊ नये. १९०१च्या बंगालच्या जनगणनेत अश्रफ, अजलाफ, अरजाल अशी उतरंड नोंदली गेली, पुढे डॉ. आंबेडकरांनी ती उद्धृत केली. तेव्हापासून आपले वक्ते ‘इस्लाममध्ये जात नाही’ हे वाक्य म्हणत आलेत. इस्लाममध्ये नाही हे बरोबर आहे. सूरह हुजुरातची तेरावी आयत प्रत्येक जलशात ऐकवली जाते, वंश आणि कबिले ओळखीसाठी आहेत, मोठेपणासाठी नाहीत, हे आपल्याला पाठ आहे. जलसा संपतो, मंडप उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायोडेटा येतो: सय्यद, पठाणच हवेत, बागवान, पिंजारी, खाटीक यांनी तसदी घेऊ नये. तसदी हा शब्द फार छान वापरतात.

मी तांबोळ्यांच्या घरातली आहे. पानं विकणं हा आमचा धंदा. घरात तीन पिढ्यांपूर्वी कोणीतरी ‘शेख’ लावायला सुरुवात केली, कारण बाजारात शेख म्हटलं की बसायला खुर्ची मिळायची. शाळेत नाव घालताना जातीच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलं, ‘मुसलमान’. मास्तरांना विचारायची गरज वाटली नाही, आम्हाला सांगायची गरज वाटली नाही. दोघांचंही भागलं.

भागलं नाही ते माझ्या चुलत भावाच्या मुलाचं. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ओबीसीचा दाखला हवा, दाखल्यानंतर पडताळणी हवी, पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा हवा. पणजोबाच्या शाळेच्या उताऱ्यावर जात ‘मुसलमान’, आजोबाच्या ‘मुसलमान’, आडनाव ‘शेख’. ‘तांबोळी’ कुठे लिहिलंय ते दाखवा, असं कार्यालयात विचारलं गेलं. गावात शेंबडं पोरही सांगेल आम्ही कोण ते. पण गावाला काय माहीत आहे हे कागदाला माहीत नव्हतं. शेवटी गाव नमुना १४, म्हणजे जुनं कोतवाल बुक, त्यात एका मृत्यूच्या नोंदीत मोडीत ‘तांबोळी’ सापडलं. सापडेपर्यंत त्या वर्षीची जागा गेलेली होती.

शजऱ्याचा हिशेब मी असा मांडते. शेख म्हणवून घेण्याची आमची हौस आणि मुसलमानात कसली आलीय जात, असं गृहीत धरणारा कारकुनाचा आळस, या दोघांनी मिळून आमचा पूर्वज खोडला. आम्ही त्याला वर ओढून खोडलं, सरकारने सरसकट करून खोडलं. पोराने किंमत दिली. अशी घरं महाराष्ट्रात किती आहेत ते मुस्लिम ओबीसी चळवळीत आयुष्य घालवलेल्या कार्यकर्त्यांना विचारा. ते सांगतील की सरकारशी भांडणं परवडलं, आपल्याच माणसाला ‘तू पिंजारी आहेस असं लिहून दे’ म्हणणं कठीण. आर्ची मूरने भिंतीवर शिवीसकट पूर्वज लिहिले. आम्हाला ‘पिंजारी’, ‘नदाफ’ हे शब्दच शिवी वाटतात. ते तर कामाचे शब्द आहेत, कापूस पिंजणाऱ्याचे!

कोकणातले माझे वाचक आता म्हणतील, आमचं तसं नाही, आम्ही खरेच अरबांचे वंशज. असाल. पश्चिम किनाऱ्याचा अरबांशी व्यापार इस्लामच्याही आधीचा. पण पुरावाच हवा तर मसूदी वाचा. हा बगदादचा इतिहासकार ९१६च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला आला होता. तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, असं तो लिहितो. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे लोक त्यात होते. आणि एक वर्ग तो वेगळा सांगतो: बयासिरा. म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी याच भूमीवर जन्मलेले. अकराशे वर्षांपूर्वी चौलच्या बंदरात ‘इथेच जन्मलेले’ अशी माणसांची वेगळी ओळख होती, तिला नाव होतं. त्यांच्या आया, आज्या कुठल्या होत्या? जहाजं व्यापारी आणि खलाशी घेऊन येत, बायकांनी भरून येत नसत. चौलच्या आसपासच्याच असतील त्या, कोळ्याभंडाऱ्यांच्या घरातल्याही असतील. शजऱ्यात त्यांची रेघ कुठे आहे ते दाखवा.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक खुश होतील, म्हणून त्यांच्याशीही आत्ताच बोलून घेते. ‘बघा, तुम्हीच कबूल करता, तुमचे पूर्वज हिंदूच होते.’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं असा म्हणणाऱ्यांचा समज असतो. काही पूर्वज होते, काही नव्हते, आणि ज्यांना तुम्ही आज आपले म्हणून मोजताय त्यांतल्या कितीजणांना तेव्हा देवळाची पायरी चढू दिली जात होती, तेही जरा त्याच श्वासात सांगा. मुद्दा तो नाहीच. मुद्दा हा की या वाक्यात पूर्वज जामीनदार म्हणून उभा केला जातो. तो तुमचा म्हणून मी इथली. तो तुमचा नसता तर? उद्या खरंच कोणाचा पणजा बुखाऱ्याहून आलेला निघाला तर त्याचं रेशनकार्ड रद्द करायचं का? मी या देशाची नागरिक आहे ती संविधानामुळे, आणि या मातीची आहे ती इथे जगल्यामुळे. मेलेल्या माणसांना त्यासाठी साक्षीला बोलवायचं कारण नाही.

मदीनावाले आणि ‘मूळचे हिंदू’वाले यांचं भांडण खोटं आहे. दोघांनाही एकच खोड हवंय, फांद्या नकोत. साधा हिशेब करा. प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. तीस पिढ्या मागे गेलं की हा आकडा शंभर कोटींच्या वर जातो. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर साडेसातशे वर्षं झाली, तेव्हा सगळ्या जगात इतकी माणसं नव्हती. म्हणजे तीच तीच माणसं आपल्या सगळ्यांच्या झाडांवर पुन्हा पुन्हा येतात. मूरच्या छतावरची गर्दी हेच सांगते. पासष्ट हजार वर्षं मागे गेलं की ते झाड फक्त कामिलारोईंचं राहत नाही, पाहणाऱ्याचंही होतं. हे मूर स्वतः म्हणत आलेला आहे. फरक एवढाच की हे म्हणताना त्याने टेबलावरचे गठ्ठे हलवले नाहीत. आपण सगळे एकच, म्हणून जुनं विसरा, असं तो म्हणत नाही. आपण सगळे एक आहोत आणि यातली ही माणसं कोठडीत मेली, असं म्हणतो.

आणि भाषा? शिंदे समितीच्या मोडी वाचकांनी महिनोन्महिने कोणते शब्द वाचले असतील? ‘रामजी बिन शिवाजी’, ‘सखू कोम रामा’, अमुक ‘वलद’ तमुक. बिन म्हणजे मुलगा, कोम म्हणजे बायको, वलद म्हणजे पुन्हा मुलगाच. तिन्ही शब्द अरबी. महाराष्ट्रातल्या कुणब्याला त्याच्या बापाशी जोडणारा शब्द अरबस्तानातून आलेला आहे, आणि महाराष्ट्रातल्या मुसलमानाची जात सिद्ध करणारी नोंद मोडीत आहे. मूळ कुठलं, हे विचारणाऱ्यांनी एकदा तालुक्याच्या अभिलेख कक्षात दिवसभर बसून यावं. धुळीची ॲलर्जी असेल तर मास्क न्यावा.

वंशावळीची ही चर्चा दिवाणखान्यापुरती असती तर मी एवढी चिडले नसते. आसाममध्ये ती दिवाणखान्यातून बाहेर पडली. तिथल्या नागरिक नोंदणीत २४ मार्च १९७१च्या मध्यरात्रीपूर्वीच्या कागदात नाव असलेल्या पूर्वजाशी आपलं नातं दाखवायचं होतं. प्रत्येक कुटुंबाने वंशवृक्ष भरून द्यायचा, तो इतर नातलगांनी भरलेल्या वंशवृक्षाशी ताडून पाहिला जायचा. एका भावाने एक बहीण लिहायची राहिली तर तिचं नातं संशयात. ३१ ऑगस्ट २०१९ला अंतिम यादी लागली, १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर. सर्वांत वाईट अवस्था लवकर लग्न झालेल्या, शाळेत न गेलेल्या बायकांची होती. नवऱ्याशी जोडणारे कागद आहेत, बापाशी जोडणारा एकही नाही. लाखो बायकांनी गावपंचायतीचा दाखला दिला, आणि तो दाखला ग्राह्य धरायचा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

म्हणून मी शजऱ्यात बायका कुठे आहेत असं विचारते, तेव्हा तो ‘स्त्रीवादी फॅशन’चा प्रश्न नसतो. आमच्या घरच्या यादीत पणजोबाचं नाव आहे, त्याच्या बापाचं आहे. पणजीचं नाही. तिला सगळे ‘तासगाववाली’ म्हणत. आजीला विचारलं, तिला सासूचं नाव ठाऊक नव्हतं. सासू तासगावची, एवढं पुरेसं होतं. ज्या बाईने आठ बाळंतपणं काढली, पानाच्या करंड्या डोक्यावरून वाहिल्या, तिचं एक गाव उरलं. घरानेच बाईला कागदावर घेतलं नाही तर सरकारने का घ्यावं? सरकारने कागद मागितला की आधी कोण गळणार, ते घरातच ठरलेलं असतं.

हे सगळं मांडणारी एक बाई आपल्याकडे, मुंबईत होऊन गेली आणि आपण तिला विसरलो. रुम्माना हुसेन. १९५२चा जन्म. घराणं लखनौचं, नावाजलेलं. वडील मेजर जनरल इनायत हबीबुल्ला. एनडीए खडकवासल्याला आली त्या काळातले तिचे कमांडंट. शजरा लावायचाच म्हटला असता तर हिच्याकडे भिंतभर होता. १९९२च्या डिसेंबरपर्यंत त्या चित्रं काढत. मग बाबरी पडली, मुंबई पेटली, आणि या शहरातल्या कित्येक इमारतींत मुसलमानांनी दारावरच्या पाट्या उतरवल्या. तोपर्यंत ज्यांना ‘मुसलमान’ ही ओळख खिशात ठेवून फिरता येत होती त्यांनाही ती कपाळावर दिसायला लागली. देशाच्या सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या माणसाच्या मुलीला घराण्याचा उपयोग झाला नाही. जमाव वंशावळ वाचत नाही.

त्यानंतर रुम्मानांनी कॅनव्हास बाजूला ठेवला. फुटलेले मातीचे घडे आणि आरसे आले, चिरलेली पपई आली, तोंड उघडं ठेवून निःशब्द चालणारी बाई आली. १९९६च्या ‘होम/नेशन’ या मांडणशिल्पात घर आणि राष्ट्र यांच्यामधली तिरपी रेघच सगळं सांगते. आणि १९९७मध्ये त्यांनी बेगम हजरत महल यांची कबर मांडली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पूर्वज म्हणून कोणाला पुढे आणायचं, तर जनरल बापाला नाही, तालुकदार आजोबांना नाही. साध्या घरातून महालात आलेली, १८५७त अवधचा लढा चालवलेली, इंग्रजांचं पेन्शन नाकारून नेपाळात १८७९ साली मेलेली एक बाई, जिची खरी कबर काठमांडूत आहे. पूर्वज मिळतो तसा निवडताही येतो, हे या बाईने करून दाखवलं. १९९९मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. आपल्या उर्दू-मराठी संमेलनांत, ‘थोर मुस्लिम स्त्रिया’ छापाच्या पुस्तिकांत त्यांचं नाव मला आजवर भेटलेलं नाही. परदेशातल्या संग्रहालयांत भेटतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. ही सगळी श्रीमंतांच्या पांढऱ्या खोल्यांतली कला आहे, तिने काय होतं? मूरच्या कलाकृतीचंच पाहा. १४ ऑक्टोबर २०२३ला ऑस्ट्रेलियात सार्वमत झालं. आदिवासींना संसदेपुढे म्हणणं मांडणारी एक सल्लागार संस्था राज्यघटनेत असावी, एवढीच मागणी. साठ टक्के मतदारांनी नाही म्हटलं, सहाच्या सहा राज्यांनी नाही म्हटलं. सहा महिन्यांनी त्याच देशाने व्हेनिसमध्ये आदिवासी कलाकाराच्या दुःखावर सिंहाचा मान मिळवला, मग सरकारने ती कलाकृती विकत घेऊन ब्रिस्बेनच्या कलादालनाला आणि लंडनच्या टेटला मिळून भेट दिली. जिवंत माणसाला घटनेत जागा नाही, त्याच्या मेलेल्यांना संग्रहालयात आहे. सरकारांना शोक आवडतो, शोक करणाऱ्याला मत दिलेलं आवडत नाही. आपल्याकडेही कव्वाली महोत्सवाला अनुदान मिळतं आणि कव्वालाच्या वस्तीत गटार होत नाही.

तरीही मी त्या खोलीच्या बाजूने आहे, कारण ते टेबल तिथे आहे. कोणाला तो फक्त सुंदर वंशवृक्ष वाटला असेल तर त्याने खाली पाहिलेलं नाही. आणि दालनवाल्यांनाही एक सांगायचंय. मुसलमान कलाकार म्हटला की बुरखा, जाळी आणि घुमट यांचीच मागणी करणं बंद करा. आमच्याकडे कोतवाल बुकं आहेत, पानाच्या करंड्या आहेत, पिंजाऱ्याची धनुकली आहे, शिकलगाराचं सहाणेचं चाक आहे, शाळेचे उतारे आहेत ज्यांवर जातीच्या रकान्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘मुसलमान’ लिहिलंय. मांडणशिल्पाला आणखी काय सामान लागतं?

आपल्या जमातखान्यांना तर माझी थेट मागणी आहे. लग्नाच्या हॉलला संगमरवर लावायला वर्गणी निघते, त्यातल्या एका भिंतीला काळा रंग द्या. खडू ठेवा. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घराने आपली नावं लिहावीत, धंद्यासकट, बायकांसकट, आणि जिथे माहीत नाही तिथे जागा मोकळी सोडावी, मदीना लिहू नये. सून कुठल्या गावची, तिची आई कोण, हेही. पोरं दुरुस्त करतील, म्हातारे भांडतील, भांडू दे. कोणी म्हणेल मशिदीशेजारी हे शोभत नाही. बायोडेटा शोभतो?

आणि ज्यांच्या तालुक्यात जुनी दप्तरं अजून शाबूत आहेत त्यांनी पावसाळ्याआधी जाऊन नक्कल मागावी. वाळवी आणि गळकी छपरं कोणासाठी थांबत नाहीत. जन्माच्या नोंदींत शोधू नका, तिथे बाळाच्या पुढे बापाचंच नाव असतं. मृत्यूच्या नोंदी काढा. तिथे मेलेली बाई स्वतःच्या नावाने येते. आधी ती, मग ‘कोम’, मग नवरा. आमच्या तासगाववालीचं नाव मी तिथेच शोधते आहे, १९१८च्या तापसरीच्या साथीची पानं झाली, पुढचं बाड अजून उघडायचं आहे.